होडीला परवाना आहे, पाण्यात उतरलेल्या माणसाचे काय?
मालवणच्या खासगी स्नॉर्केलिंग सफरींबाबत खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग किनाऱ्यावर प्रवासी होड्यांना परवाने देणारे, जलक्रीडांची तपासणी करणारे आणि मालवण सागरी अभयारण्य सांभाळणारे सर्व संबंधित अधिकारी

सविनय नमस्कार.

२६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. हंगामात कोणाला बसून बोलायला सवड नसते आणि हंगाम सुरू झाला की 'आता मध्येच नियम कसे बदलणार' असे उत्तर मिळते. म्हणून होड्या वर ओढलेल्या असतानाच हे पत्र लिहीत आहोत. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात होडी हाकणारे तांडेल, खलाशी आणि पर्यटकांबरोबर पाण्यात उतरणारे मार्गदर्शक अशा सगळ्यांच्या वतीने ते लिहिले आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची खडपे, म्हणजे पाण्यातले खडक, आणि त्यांवरचे प्रवाळ आहेत म्हणून आमच्या चुली पेटतात. तिथे एखादा माणूस बुडाला किंवा ती खडपे मेली, तर पहिला हिशेब आम्हालाच द्यावा लागणार आहे.

तक्रार एका वाक्यात मांडायची तर तपासणी होते ती होडीची. नोंदणी, सर्वेक्षण, प्रवासी क्षमता, विमा, जॅकेटांची संख्या हे सगळे कागदावर येते. पण स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून वरूनच तळ पाहत पोहण्याचा, ग्राहक होडीत बसायला येत नाही, तो पाण्यात उतरायला येतो. तो कुठे उतरला, किती वाजता, कोणाच्या भरवशावर, अंगावर काय घालून, आणि त्याचे पाय कशावर टेकले, हे पाहायला कोणीही नाही.

सामायिक होडीत निदान वेळ ठरलेली असते आणि जागाही ठरलेली. अलीकडे मागणी वाढली आहे ती खासगी अर्ध्या दिवसाच्या सफरीची. एका कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी अख्खी होडी घ्यायची, चार-पाच तास आपल्या मर्जीने फिरायचे. यात गैर काही नाही. उलट नीट चालवली तर स्नॉर्केलिंगसाठी हीच पद्धत उत्तम, कारण माणसे कमी असतात आणि घाई नसते. अडचण अशी की सफरीचा क्रम समुद्र पाहून न ठरता आरक्षण घेणाऱ्या एजंटाच्या सोयीने ठरतो. डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, पॅरासेलिंग, नाश्ता आणि शेवटी स्नॉर्केलिंग, अशी यादी पर्यटकाच्या हातात आधीच पडलेली असते. म्हणजे ज्या कामाला सर्वांत शांत आणि निवळ पाणी लागते ते उरते भर दुपारी, वारा सुटल्यावर.

वेळेचा मुद्दा सविस्तर मांडतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगतचे पाणी त्याने सपाट राहते. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मार्चनंतर तो लवकर येतो आणि जोरही धरतो. तासाभरात पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात, तळाची माती उठते. नळीत लाटेचे पाणी शिरते आणि नवखा माणूस घाबरतो तो इथेच.

दुसरा हिशेब भरतीचा. गाबीत (मच्छीमार) घरांतला जुना आडाखा आजही ढोबळ मानाने बरोबर येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे सकाळची अख्खी सफर सुकतीवर, उतरत्या पाण्यावर, जाते. भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती-ओहोटी असल्यामुळे ओढ कमी असते, पण खाडीचे गढूळ पाणी बाहेर येत राहते आणि खडपावरचे पाणी उतरत जाते. सकाळी जिथे पोहणाऱ्याचे पाय अधांतरी होते, तिथे दोन तासांनी ते प्रवाळावर टेकतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास. त्या दिवशी साडेदहा ते साडेअकरा पाणी थबकलेले आणि त्यातल्या त्यात स्वच्छ मिळते, पण त्यानंतर उधाणाची सुकती सुरू होते. एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान येते, मतलई अजून टिकून असतो, आणि आमच्या मते स्नॉर्केलिंगला महिन्यातले हेच सर्वांत चांगले दिवस. छापील तक्त्याशी ताडून घेतले की अर्ध्यापाऊण तासाचा फरकही निघून जातो. एवढे ज्ञान प्रत्येक तांडेलाकडे आहे. ते वापरायची मुभा मात्र त्याला नाही, कारण पर्यटकाला वेळ दुसऱ्याच कोणीतरी आधी देऊन ठेवलेली असते.

देवबागहून निघणाऱ्या होड्यांना आणखी एक धोका आहे. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूची दांडी आहे. उधाणाच्या दिवशी दुपारी एकनंतर नदीची सुकती जोराने बाहेर पडते आणि समोरून खाऱ्या वाऱ्याच्या लाटा आत येतात. दोन्ही एकमेकांवर आदळले की लाट आखूड आणि उभी होते. परतणाऱ्या होडीला ती मागून उचलते, होडी आडवी फिरते आणि पुढची लाट तिच्या कुशीत बसते. त्याच क्षणी सगळे प्रवासी दचकून एका बाजूला सरकले तर तांडेलाच्या हातात काही उरत नाही. अशी होडी परत आणायची ती सुकती जोर धरण्याआधी, किंवा मग पाणी थबकेपर्यंत बाहेर थांबायचे. 'चारला आमची गाडी आहे' असे म्हणणाऱ्या ग्राहकापुढे ताशी भाडे घेणारा तांडेल एकटा किती टिकेल? त्याच्या पाठीशी नियम हवा.

२४ मे २०२२ रोजी, हंगाम संपायला दोन दिवस असताना, पर्यटकांना घेऊन परतणारी होडी तारकर्लीला किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर तपासण्या झाल्या, जॅकेटे मोजली गेली. होडीतल्या जॅकेटांची मोजणी हवीच. पण पाण्यातल्या माणसाचा प्रश्न तिथेही सुटला नाही.

आता पाण्यातल्या तक्रारी.

होडीवर माणसे किती असावीत हा सर्वांत कळीचा मुद्दा. खासगी सफरीत बहुधा दोघेच असतात, तांडेल आणि एक खलाशी. स्नॉर्केलिंग सुरू झाले की खलाशी मार्गदर्शक म्हणून पाण्यात उतरतो. मग नांगर सुटतो का, दुसरी होडी जवळ येते का, पाण्यातली डोकी किती दिसतात, हे सगळे एकटा तांडेल पाहतो आणि त्याच वेळी होडीत उरलेल्या आजी-आजोबांना पाणीही देतो. त्यात भर म्हणजे पाण्याखालचा कॅमेरा. प्रत्येकाला स्वतःचा व्हिडिओ हवा असतो आणि तो काढतो मार्गदर्शकच. एकाचे चित्रण करताना त्याची नजर पडद्यावर असते आणि बाकी तिघे त्याच्या पाठीमागे असतात. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो अशी पर्यटकांची कल्पना असते. खरे तर तो बहुतेक वेळा गुपचूप जातो. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाणी दाबत राहतात, आवाज नाही. मिनिटभर पाठ फिरली तरी ते पुरेसे असते.

जॅकेटाबद्दल गैरसमज फार आहे. होडीतून जाताना घालायचे जॅकेट आणि स्नॉर्केलिंग करताना घालायचे जॅकेट एक नव्हे. फोमचे जाड नारिंगी जॅकेट माणसाला उताणे ठेवायचा प्रयत्न करते, त्याचे कामच ते आहे. ते घालून तोंड पाण्यात घालायला गेले की शरीर उभे होते, पाय खाली जातात, माणूस आधार शोधत प्रवाळावर उभा राहतो. वर मांडीखालून जाणारा पट्टा नसला तर जॅकेट कानापर्यंत चढते आणि मास्क सरकतो. स्नॉर्केलिंगला तोंडाने फुगवायचे पातळ जॅकेट लागते: पोहताना थोडी हवा काढायची, दमले की भरायची. न पोहणाऱ्यासाठी दोर बांधलेली रिंग हवी आणि ती धरून ओढणारा मार्गदर्शक हवा. म्हणजे प्रत्येक होडीत दोन प्रकारची साधने हवीत. लहान मुलांच्या मापाची वेगळी. मोठ्यांच्या जॅकेटात बांधलेले मूल पाण्यात पडले की जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते.

मास्क आणि नळीवर फार लिहीत नाही. मास्कची कड सिलिकॉनची हवी, काच कडक केलेली हवी. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढला की तो चिकटून राहिला पाहिजे. नळीचा तोंडात धरायचा भाग प्रत्येक ग्राहकानंतर जंतुनाशकात बुडवून गोड्या पाण्याने धुतला पाहिजे, समुद्रात बुचकळणे म्हणजे धुणे नव्हे. अख्खा चेहरा झाकणारे स्वस्त मास्क मात्र बंदच करावेत. त्यात सोडलेली हवा पूर्ण बाहेर न जाता पुन्हा श्वासात येऊ शकते, माणसाला गरगरते, आणि घाबरल्यावर तो पटकन काढता येत नाही.

शिडीचा उल्लेख कुठल्याच तपासणीत ऐकला नाही. पाण्याखाली दोन-तीन पायऱ्या उतरणारी शिडी नसली की दमलेल्या माणसाला दोघे मिळून काखेत धरून वर ओढतात, होडी त्या बाजूला कलते, आणि हे सगळे इंजिनाच्या पात्यापासून हातभर अंतरावर चालते. इंजिन 'न्यूट्रल'ला आहे म्हणजे सुरक्षित आहे असे मानणे चुकीचे आहे. कोणाचा धक्का लागून गिअर पडू शकतो. माणूस पाण्यात असताना इंजिन पूर्ण बंद हवे आणि चालू असताना किल-कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) तांडेलाच्या मनगटाला हवी. ती बहुतेक होड्यांत असते, पण खुंटीला अडकवलेली.

आता खडपांकडे वळतो, आणि इथे अभयारण्याची जबाबदारी असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे ही विनंती.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची बुडालेली खडपे याच गाभ्यात येतात, आणि स्नॉर्केलिंगही इथेच चालते. कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे. आणि त्याच प्रवाळांवर हंगामभर चार नख्यांचे लोखंडी नांगर पडतात.

हा नांगर वाळूत रुतत नाही, खडकात अडकूनच धरतो. चार मीटर पाण्यात होडी टिकवायला पंधरा-वीस मीटर दोर सोडावा लागतो. वारा मतलईवरून खाऱ्यावर फिरला की होडी त्या दोराच्या टोकाला अर्धे वर्तुळ फिरते आणि दोर, साखळी तळ घासत जाते. उचलताना नांगर अडकला तर इंजिनाने ओढून काढतात, सोबत पोराइटीस जातीच्या प्रवाळाचा गोळा उपटून येतो. असा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. बशीएवढा तुकडा मोडला की किती वर्षे गेली याचा हिशेब कोणालाही करता येईल.

यावर उपाय जगभर वापरात आहे आणि महागडाही नाही: कायमचे बोये. खडकाळ तळाला भोक पाडून त्यात कडी बसवायची, किंवा प्रवाळ नसलेल्या वाळूच्या पट्टीत काँक्रीटचा जड ठोकळा ठेवायचा. कडीपासून दोर वर आणायचा आणि मध्ये पाण्याखाली एक तरंगता गोळा ठेवायचा, म्हणजे ढिला दोर तळावर लोळत नाही. होडी येऊन बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. मे अखेरीस वरचा दोर आणि बोया काढून ठेवायचे, ऑक्टोबरमध्ये पाणी निवळले की पाणबुड्यांनी कडी तपासून पुन्हा लावायचे. पावसाळ्यात सोडून दिलेला बोया तुटतो आणि मग 'इथे बोये टिकत नाहीत' असा शेरा बसतो. देखभालीची तरतूद नसेल तर बोये न लावलेले बरे.

त्यांच्या जागा ठरवताना रापणकार (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे) आणि जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना आधी विचारा. अभयारण्याच्या नावाने आपल्या हक्कांवर गदा येईल ही त्यांची भीती पहिल्यापासून आहे आणि ती अनाठायी नाही. पर्यटनाच्या होड्यांसाठी मासेमारीची वाट अडवली तर आम्ही स्वतः त्याला विरोध करू.

माशांना ब्रेड, बिस्किटे, फरसाण टाकायची पद्धतही थांबायला हवी. व्हिडिओत मासे घोळक्याने दिसावेत म्हणून हे केले जाते. पट्टेरी सार्जंट मासे त्यावर तुटून पडतात, सोकावतात, माणसांची बोटे चावतात आणि बाकीच्या जातींना जवळ येऊ देत नाहीत. खडपावरचे शेवाळ खाणारे मासे हटले की शेवाळ प्रवाळावर चढते. हे आमच्यातलेच लोक करतात, हे आम्ही मान्य करतो. पण एकाने थांबवले तर त्याच्या होडीतल्या व्हिडिओत मासे कमी दिसतात आणि गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. म्हणून बंदी सर्वांना एकदम लागू झाली पाहिजे.

निवतीच्या समुद्रात निवृत्त युद्धनौका गुलदार बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. आमचा त्याला विरोध नाही, त्यातून जिल्ह्यात काम येईल. पण ज्या शासनाला पोलादी जहाजावर प्रवाळ वाढावेत असे वाटते, त्याने किल्ल्यामागच्या जिवंत प्रवाळावर पडणारे नांगर आधी थांबवावेत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. अभयारण्याच्या गाभ्यात पर्यटक होड्यांना नांगर टाकण्यास बंदी आणि येत्या ऑक्टोबरपासून कायमचे बोये. एका बोयाला एका वेळी एकच होडी.

२. स्नॉर्केलिंगच्या होडीवर किमान तिघे: इंजिनापाशी तांडेल, पाण्यातली डोकी मोजणारा एक, आणि पाण्यात मार्गदर्शक. पोहता येणाऱ्या चौघांमागे एक मार्गदर्शक, न येणाऱ्या दोघांमागे एक. कॅमेरा धरणारा मार्गदर्शक या मोजणीत धरू नये.

३. प्रत्येक जेट्टीवर रोज सकाळी फलक: भरती-ओहोटीच्या वेळा, वारा, पाण्याची स्वच्छता, आणि कर्लीच्या मुखातून शेवटची परतीची वेळ. निर्णय स्थानिक तांडेल आणि आपला अधिकारी यांनी मिळून घ्यावा. लाल बावटा लागला तर ग्राहकाचे पूर्ण पैसे परत, आणि हा नियम एजंटांवरही बंधनकारक. आज आगाऊ रक्कम एजंटाकडे असते आणि सफर रद्द केली तर तोटा तांडेलाचा, म्हणून नको त्या दिवशीही होडी सुटते.

४. दोन प्रकारची जॅकेटे, मुलांची मापे, शिडी, किल-कॉर्ड, व्हीएचएफ रेडिओ, प्राणवायूचा सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी यांशिवाय स्नॉर्केलिंगची परवानगी नको. रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे होडीत रंगवून लिहिलेले असावेत.

५. मार्गदर्शकांना दरवर्षी पावसाळ्यात प्रशिक्षण. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, लांब जायची गरज नाही. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यावे लागतात, नुसती छाती दाबून भागत नाही. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. शुद्धीवर आलेला माणूस ठीक वाटला तरी त्याला रुग्णालयात न्यायचेच. हे प्रत्येकाच्या हातात बसलेले असावे. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी द्यावी, कारण त्या महिन्यांत दुसरे उत्पन्न नसते.

६. जेट्टीवर 'जोखीम माझी' अशा कागदावर सही घेणे बंद करून त्याऐवजी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छोटी प्रश्नावली: पोहता येते का, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे का, आकडी येते का, आज मद्य घेतले आहे का. उत्तर पाहून नकार देण्याचा अधिकार तांडेलाला.

७. मासे खाऊ घालणे, प्रवाळावर उभे राहणे, शंख-शिंपले व प्रवाळ उचलणे यांवर दंड, आणि तो ग्राहक आणि होडीमालक दोघांनाही.

८. पाण्यात उतरून तपासणी. आपल्या अधिकाऱ्यांनी जेट्टीवरून नव्हे, मास्क लावून खडपावरून पाहावे. आम्ही होडी आणि माणूस विनामोबदला देऊ.

९. अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात यांची नोंदवही, नाव न सांगता नोंद करण्याची सोय असलेली. परवाना जाईल या भीतीने आज टळलेला अपघात कोणी सांगत नाही, आणि म्हणून तोच पुढच्या आठवड्यात दुसऱ्या होडीवर घडतो.

यातल्या १ आणि ३ क्रमांकाच्या मागण्यांना बाहेरून काही आणावे लागत नाही. फलकासाठी रंग आणि खडू पुरेल, बोयांसाठी पाणबुडे तालुक्यातच आहेत. जुलैअखेरपर्यंत तांडेल, मच्छीमार सोसायट्या, वन विभाग आणि परवाना देणारे खाते यांची एकत्र बैठक मालवणात बोलवावी आणि १ सप्टेंबरला पहिली होडी पाण्यात उतरण्याआधी निर्णय लेखी कळवावा. बैठकीला येताना खडपांचा नकाशा आणि बोयांसाठी योग्य जागांची यादी आम्ही सोबत आणू.

आपले,
मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथील तांडेल, खलाशी व स्नॉर्केलिंग मार्गदर्शक